साथीचा अंदाज आणि माणसांचे वागणे

प्रश्न : साथ आली की शास्त्रज्ञ लाखो मृत्यूंचे आकडे जाहीर करतात आणि त्यांच्या आधारे शाळा, बाजार, प्रवास बंद होतात, पुढे ते आकडे खरे ठरत नाहीत. चुकणाऱ्या गणितावर समाजाने इतका भार का टाकावा?

उत्तर : आपली तक्रार पूर्णपणे चुकीची नाही, परंतु ती जिथे लागू पडते ती जागा वेगळी आहे.

साथीचे प्रारूप, म्हणजेच मॉडेल, हे ‘जर-तर’चे विधान असते. १९२७ साली केरमॅक आणि मॅकेंड्रिक या ब्रिटिश संशोधकांनी, संसर्ग होऊ शकणारे, संसर्ग झालेले आणि बरे झालेले वा दगावलेले अशी लोकसंख्येची विभागणी करून जी समीकरणे मांडली (आणि मुंबईतील १९०५-०६च्या प्लेगच्या मृत्यूंशी ताडून पाहिली), तीच आजच्या बहुतेक प्रारूपांच्या मुळाशी आहेत. पावसाचा अंदाज ऐकून ढग वाट बदलत नाहीत. साथीचा अंदाज ऐकून माणसे मात्र वागणे बदलतात, आणि त्यामुळे अंदाजातला ‘जर’च नाहीसा होतो.

सप्टेंबर २०१४मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने असा हिशेब मांडला की, परिस्थितीत काहीच बदल झाला नाही तर लायबेरिया आणि सिएरा लिओन येथे जानेवारीपर्यंत, नोंद न झालेले रुग्ण धरून, इबोलाचे १४ लाखांपर्यंत रुग्ण होऊ शकतील. साथ संपली तेव्हा गिनीसह तिन्ही देशांतील नोंद सुमारे २८,६०० रुग्णांची होती. त्याच अहवालात असेही होते की, सुमारे ७० टक्के रुग्णांना वेगळे ठेवून उपचार मिळाले आणि अंत्यविधी सुरक्षित रीतीने झाले, तर साथ ओसरू लागेल. मात्र सगळा फरक बाहेरून आलेल्या मदतीमुळेच पडला असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. इबोला मृतदेहाच्या स्पर्शातूनही पसरतो, म्हणून आपल्या माणसाला शेवटचा स्पर्श करण्याची रीत गावोगावच्या लोकांनी दुःख गिळून सोडली, आणि लोक असे स्वतःहून बदलतील हे त्या १४ लाखांच्या हिशेबात धरलेलेच नव्हते. माझ्या मते अशा प्रारूपांची सर्वांत मोठी उणीव हीच आहे.

आपला आक्षेप खरा लागू पडतो तो निर्णयाच्या टप्प्यावर. २००१मध्ये ब्रिटनमध्ये जनावरांत लाळ-खुरकुताची साथ पसरली, तेव्हा प्रारूपांच्या सल्ल्याने बाधित गोठ्यांच्या शेजारची जनावरेही मारण्यात आली. त्या साथीत एकूण ६० लाखांहून अधिक जनावरे मारली गेली, आणि शेजारच्या निरोगी कळपांचा बळी खरोखर आवश्यक होता का, याविषयी पशुवैद्यांनी नंतर गंभीर शंका घेतल्या. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या १६ मार्च २०२०च्या अहवालात, कोणतेही उपाय झाले नाहीत आणि लोकांचे वागणेही बदलले नाही तर ग्रेट ब्रिटनमध्ये सुमारे ५ लाख १० हजार मृत्यू होतील, असे म्हटले होते. आठवड्याभरात तिथे टाळेबंदी जाहीर झाली. तो इशारा गरजेचा होता असेच मला वाटते. मात्र त्या गणितात मृत्यू आणि रुग्णालयातील खाटा मोजल्या होत्या, बुडालेली मजुरी आणि मुलांचे तुटलेले शिक्षण मोजलेले नव्हते. जे मोजले जाते त्याला निर्णयात वजन येते आणि जे मोजले जात नाही ते कितीही खरे असले तरी मागे पडते. म्हणून कशाची किंमत कोणी मोजायची हे ठरवणे गणितज्ञांवर सोपवता येत नाही, ती सरकारची आणि नागरिकांची जबाबदारी आहे.

प्रश्न : मग असा आकडा वाचताना सामान्य माणसाने काय पाहावे?

उत्तर : प्रथम त्यामागची अट पाहावी, कारण मथळ्यात नेमकी तीच गाळली जाते. एकच आकडा दिला असेल, किमान-कमाल मर्यादा दिली नसेल, तर सावध राहावे. गणित इतरांना तपासता येते का, हेही विचारावे. वर उल्लेखिलेल्या इम्पीरियल कॉलेजच्या अहवालामागची संगणकीय आज्ञावली सुरुवातीला खुली नव्हती. मागणी वाढल्यावर ती काही आठवड्यांनी, नीटनेटकी करून, प्रसिद्ध झाली आणि मग बाहेरच्या तज्ज्ञांना ती पडताळता आली. हे पहिल्याच दिवशी व्हायला हवे होते.