सर्व्हर चालू, पिंगही होतोय, तरी लायसन्स मिळत नाही

तुमचं म्हणणं असं: ऑफिस कुपवाड एमआयडीसीत, रात्री लाइट गेली, यूपीएसनेही मान टाकली. सकाळी लायसन्स वाटणारा सर्व्हर चालू केला, पिंग होतोय, पण सहाही मशिनवर कॅड उघडेना, मायनस 15 एरर (म्हणजे लायसन्स सर्व्हरशी जोडणी होत नाही) येतोय. सॉफ्टवेअर काढून परत टाकू का?

अजिबात नको. सॉफ्टवेअरला काही झालेलं नाही.

आधी सर्व्हरवर लायसन्सची सर्व्हिस चालू आहे का बघा. ती ऑटोमॅटिकवर नसेल तर मशिन उठतं, सर्व्हिस झोपलेलीच राहते. पिंगवर जाऊ नका, पिंगला उत्तर मशिन देतं, लायसन्सची सर्व्हिस नव्हे.

सर्व्हिस चालू असेल तर ग्यानबाची मेख पुढे आहे. फ्लेक्सनेटमध्ये (लायसन्स वाटणारी ही यंत्रणा) सर्व्हरवर दोन प्रोग्रॅम असतात. एलएमजीआरडी दारात बसतो, बहुधा 27000 ते 27009 पैकी एका पोर्टवर, आणि आलेल्याला आत व्हेंडर डीमनकडे, म्हणजे सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रोग्रॅमकडे पाठवतो. लायसन्स देणारा हा आतला. लायसन्स फाइलमधल्या व्हेंडरच्या ओळीत पोर्ट लिहिलेला नसेल तर तो दर वेळी चालू होताना मिळेल तो पोर्ट धरतो. तुमच्या फायरवॉलमध्ये कालचाच पोर्ट उघडा असेल, तर आज तो बाहेर बोलूच शकत नाही. त्या ओळीत पोर्ट नेमून द्या (एवढ्या बदलाने फाइल बाद होत नाही), दोन्ही पोर्ट फायरवॉलमध्ये उघडा, सर्व्हिस परत चालू करा.

एक बंद पडला तरी काम चालावं म्हणून तीन सर्व्हर लावा, असं तुम्हाला कुणीतरी सुचवलंय. त्यात तिनांतले दोन जिवंत लागतात. तिन्ही एकाच यूपीएसवर असणार असतील तर कशाला तो खर्च?

आमची फजिती याहून मोठी. ऑगस्ट 2019 च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली तेव्हा आमचं ऑफिस गावभागात, तळमजल्यावर, आणि सर्व्हर टेबलाखाली. बॅकअप मिरजेत भावाकडे कोरडा होता, त्यात लायसन्स फाइलही होती, म्हणून मी निर्धास्त. दुसऱ्या मशिनवर टाकली तर मायनस 9, होस्ट जुळत नाही! फाइल बुडालेल्या मशिनच्या नेटवर्क कार्डाच्या मॅक पत्त्याला बांधलेली. नवी मागायची तर सॉफ्टवेअर कंपनीकडच्या खात्याचा पासवर्ड जो मुलगा सांभाळायचा, तो नोकरी सोडून पुण्याला गेलेला. तोवर काम चाललं एका लॅपटॉपवर, कारण साइटवर न्यायचा म्हणून त्यावर लायसन्स बॉरो करून, म्हणजे सर्व्हरवरून मुदतीपुरतं उचलून ठेवलं होतं. बॉरो केलेलं मुदत संपेपर्यंत सर्व्हरशिवाय चालतं. तेव्हा खात्याचा ईमेल आणि पासवर्ड आज मालकांच्या वहीत लिहून ठेवा.

पोर्ट नेमूनही मायनस 15 येत राहिला तर डीबग लॉगच्या (लायसन्स सर्व्हर नोंदी लिहितो ती फाइल) शेवटच्या वीस ओळी टाका. मॅक पत्ता तेवढा खोडा.