मुलगा वायडी आहे आणि आठ महिने आम्हाला माहीतच नव्हतं

सिन्नरकडच्या एका आईचं पत्र आलंय, नाव देत नाही. मुलगा पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला, नऱ्हे भागात कॉट बेसिसवर राहतो. सेकंड इयरचा एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) राहिला होता, तो घेऊनच थर्ड इयर केलं आणि मग बीईला, म्हणजे शेवटच्या वर्षाला, ॲडमिशनच मिळाली नाही, वायडी (इयर डाउन) लागला, वर्ष बुडालं. घरी मात्र जुलैपासून "बीई चालू आहे, प्रोजेक्टचं काम आहे" असंच सांगत होता. हिवाळी परीक्षेत एम-थ्री पुन्हा चार मार्कांनी गेला आणि फेब्रुवारीत वडिलांनी फीची पावती मागितली तेव्हा सगळं बाहेर आलं. तेव्हापासून वडील त्याच्याशी बोलत नाहीत, तो फोन उचलत नाही आणि आई मध्ये अडकलीय. त्यांनी विचारलंय, त्याला घरी आणू का, बीसीए नाहीतर बीएस्सीला टाकू का, एचओडींना (विभागप्रमुखांना) जाऊन भेटू का, पेपर रिचेकिंगला टाकू का, आणि नातेवाईकांना काय सांगू.

ताई, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. तुम्ही पाच प्रश्न विचारलेत आणि पाचही प्रश्नांत करणाऱ्या तुम्ही आहात. आणू का, टाकू का, भेटू का. मुलगा एकवीस वर्षांचा आहे आणि त्याला स्वतःला काय करायचंय हे अख्ख्या पत्रात कुठेच नाही. टोमणा मारत नाहीये, पहिल्या पत्रात बहुतेक आईवडील असंच लिहितात. पण मला जे सांगायचंय ते इथूनच सुरू होतं, म्हणून आधीच बोलले.

आधी गणित करू, कारण घरात सध्या "सगळं संपलं" असं वातावरण दिसतंय आणि तसं काही झालेलं नाही. पुणे विद्यापीठात इंजिनिअरिंगला बीईत जायचं तर सेकंड इयर पूर्ण क्लिअर लागतं, थर्ड इयरचे काही विषय राहिले तर चालतात पण सेकंड इयरचा एकही नाही. त्याचं घोडं एका विषयावर अडलंय. हा विषय मे-जूनच्या परीक्षेत निघाला तर पुढच्या बॅचबरोबर तो बीईला बसेल, म्हणजे गेलं ते एक वर्ष. आणि गंमत म्हणजे हिवाळी परीक्षेत विषय निघाला असता तरी बीईचं वर्ष नव्याने सुरू होईपर्यंत थांबावंच लागलं असतं, म्हणजे आत्ता फेब्रुवारीत जे झालं त्याने नवीन काहीच बुडालं नाही. वर्ष गेलं ते गेल्या जुलैतच, तुम्हाला फक्त आत्ता कळलं.

त्या वर्षाचा नोकरीवर परिणाम होतो का? होतो थोडा, खोटं कशाला सांगू. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या "सिक्स्टी थ्रूआउट" म्हणजे दहावीपासून सगळीकडे साठ टक्के मागतात, गॅप किती चालेल ते आधीच लिहितात आणि जॉइन होताना एकही बॅकलॉग (राहिलेला विषय) शिल्लक नको म्हणतात. पण एक वर्षाचा गॅप बहुतेक ठिकाणी चालून जातो. निघालेला बॅकलॉग आणि अजून लटकलेला बॅकलॉग यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून आत्ता घरात कोर्स बदलायच्या चर्चेपेक्षा त्याने परीक्षेचा फॉर्म वेळेत भरणं जास्त महत्त्वाचं आहे, लेट फी लागली तर लागू दे पण तारीख चुकायला नको. डिग्री किती वर्षांत पूर्ण करायची याचीही मर्यादा असते, त्याच्या पॅटर्नला (अभ्यासक्रमाच्या आवृत्तीला) ती किती आहे हे त्याने कॉलेजच्या परीक्षा विभागात लेखी विचारून घ्यावं. "त्याने" असंच लिहिलंय बघा, तुम्ही किंवा साहेबांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, नाही.

रिचेकिंगचं. चार मार्कांनी गेलाय म्हटल्यावर उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवायलाच हवी, आधी फोटोकॉपी आणि ती बघून मग रिव्हॅल्युएशन, म्हणजे पेपर पुन्हा तपासून घेणं. निकालानंतर अर्जाला थोडेच दिवस मिळतात, खिडकी अजून उघडी असेल तर आजच करावं. बंद झाली असेल तरी माहिती अधिकाराचा रस्ता आहे, २०११ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की परीक्षार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा हक्क आहे. त्यात रिव्हॅल्युएशन मिळत नाही, पण आपण कुठे चुकलो ते दिसतं. मला तर मार्क वाढण्यापेक्षा हेच जास्त कामाचं वाटतं, कारण दोनदा नापास झालेलं पोरगं तिसऱ्यांदा तोच अभ्यास तसाच करतं, तीच पुस्तकं, तेच सोडवलेले पेपर, परीक्षेच्या आदल्या रात्री तेच यूट्यूबवरचे व्हिडिओ. समोर स्वतःची उत्तरपत्रिका असली की कळतं की प्रोबॅबिलिटीत सूत्रच चुकलं होतं, का न्यूमेरिकल मेथड्समध्ये कॅल्क्युलेटर गंडला, का शेवटचे दोन प्रश्न वेळच पुरला नाही म्हणून कोरे राहिले. तिन्हीचे इलाज वेगळे आहेत. मे पर्यंत हातात तीन महिने आहेत, एका विषयाला ते भरपूर झाले, कॉलेजला जायचं नसताना तर फारच.

एचओडींना भेटू का? नको. निदान एकट्या जाऊ नका आणि त्याला न सांगता तर अजिबात नको. शाळेत आपण वर्गशिक्षकांना भेटायचो ते ठीक होतं. एकवीस वर्षांच्या मुलाच्या पाठीमागे त्याच्या डिपार्टमेंटला आई जाऊन आली की तो त्या कॉरिडॉरमधून पुन्हा मान वर करून चालत नाही हो. त्याला म्हणा, "तू मॅथ्सच्या सरांना भेट, हवं तर मी पुण्यात येते आणि खाली कँटीनला बसते." बहुतेक मुलं नको म्हणतात आणि एकटी जाऊन येतात.

आता खोटं बोलण्याचं. साहेबांना सगळ्यात जास्त तेच लागलंय हे पत्रातून दिसतंय आणि लागणारच, आठ महिने रोज रात्री फोनवर "जेवलास का, लेक्चर झालं का" विचारायचं आणि पलीकडून सगळं बनावट. यावर पांघरूण घाला असं मी म्हणणार नाही. पण तुम्हीच पत्रात मधे एका ओळीत लिहिलंय की पहिल्यांदा एम-थ्री गेला तेव्हा साहेब पंधरा दिवस त्याच्याशी बोलले नव्हते आणि चुलत भावाचं पॅकेज त्याला रोज ऐकवलं जायचं. ताई, त्या पंधरा दिवसांत तो एक गोष्ट शिकला, की या घरात वाईट निकाल सांगायची किंमत फार आहे. म्हणून पुढचा निकाल त्याने सांगितलाच नाही. आणि आत्ता पुन्हा अबोला चालू आहे, म्हणजे तोच धडा दुसऱ्यांदा.

साहेबांना हे माझ्याकडून वाचून दाखवा, त्यांचा राग माझ्यावर निघाला तर निघू दे. राग व्यक्त करायला हरकत नाही, "तू फेल झालास त्याचं काही नाही पण आठ महिने फसवलंस त्याचं मला फार वाईट वाटलं" हे वाक्य बापाने मुलाला म्हणायलाच पाहिजे, समोरासमोर, एकदा. एकदाच पण. दर रविवारी नाही, आणि पाहुण्यांसमोर तर नाहीच.

फोन उचलत नाही म्हणता तर फोन करू नका, जा. सिन्नर-पुणे काही लांब नाही, शनिवारी सकाळी निघा. दोघंच जा, मामा नको काका नको. पहिला अर्धा तास अभ्यासाचं काही बोलू नका. आणि एक अवघड गोष्ट सांगते, ती टाळू नका. तुम्ही लिहिलंय की तो मित्रांमध्येही जात नाही, दुपारपर्यंत झोपतो, बारीक झालाय. त्याला सरळ विचारा, "जीव नकोसा वाटतो का, असं काही मनात येतं का?" असं विचारल्याने डोक्यात नसलेलं काही येत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून मुलं सुटतात, रडतात. हो म्हणाला तर त्याला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टर. टेली-मानस म्हणून सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं, तुम्हीसुद्धा फोन करू शकता. नाही म्हणाला तरी तो नंबर त्याच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून या.

घरी आणू का, याचं उत्तर मी देणार नाही, ते त्याला विचारा. काही मुलं घरी येऊन छान अभ्यास करतात, काहींना घरी आल्यावर शेजारच्या काकूंचा "सुट्टी आहे का रे?" हा एकच प्रश्न पुरतो. पण पुण्यातच राहायचं म्हणाला तर पैशाचं नीट बोलून घ्या, तिथे हळवं होऊ नका. कॉट आणि मेसचं भाडं मे अखेरपर्यंत आम्ही देऊ, मोबाइलचा रिचार्ज आणि वरखर्च तुझा, असं काहीतरी स्पष्ट आणि तारीख घालून. पार्टटाइम काम बघायचं म्हणाला तर बघू दे, दिवसाचे तीन-चार तास ट्यूशन घेतल्या किंवा दुकानात बसला तर एम-थ्रीला काही होत नाही, उलट झोपेचं वेळापत्रक सुधारतं.

आणि साहेब त्याला "कंपनीत लावतो" म्हणतात असं लिहिलंय, ते धमकी म्हणून वापरू नका. काम करणं ही शिक्षा आहे असं मुलाला वाटायला लागलं तर डिग्री मिळाल्यावर तो कसलं काम करणार आहे?

बीसीए-बीएस्सीचं. दहाएक वर्षांपूर्वी असेच एक वडील मुलाला घेऊन माझ्याकडे सल्ल्याला आले होते, इंजिनिअरिंगला तीन विषय मागे, आणि मी पाऊण तासात ठरवून टाकलं की याला काढा, बीसीएला टाका. मुलगा गप्प बसून होता, मला वाटलं पटलंय. पुढे कळलं की तो बीसीएच्या पहिल्या वर्षालाही परीक्षेला बसला नाही, कारण कोर्स दोन्ही वेळेला दुसऱ्यानेच निवडला होता, पहिल्यांदा बापाने आणि दुसऱ्यांदा मी. तेव्हापासून मुलगा स्वतः बोलेपर्यंत मी कोर्सचं नाव काढत नाही. तुमच्या मुलाची तर तीन वर्षं झालीत आणि अडलाय एका विषयाला, अशा वेळी सोडणं मला व्यक्तिशः घाईचं वाटतं. पण त्याला खरंच इंजिनिअरिंग नको असेल, म्हणजे एम-थ्री निघाला तरी नको असेल, तर ते मे नंतर त्याच्या तोंडून येऊ दे. मुक्त विद्यापीठातून नोकरी करत पदवी घ्यायचा रस्ताही आहे, तो कुठे पळून जात नाही.

एज्युकेशन लोनचा तुम्ही ओझरता उल्लेख केलाय, त्यावर मात्र तुम्हालाच हलावं लागेल कारण सहकर्जदार साहेब आहेत. हप्ता साधारण कोर्सची मुदत अधिक एक वर्ष झाल्यावर सुरू होतो आणि बँक ती तारीख जुन्या वेळापत्रकावरूनच धरून बसलेली असते. वर्ष वाढलंय हे कॉलेजच्या पत्रासकट बँकेला लेखी कळवा आणि मुदतवाढ मागा, बँकांच्या मॉडेल योजनेत तशी सोय आहे. न कळवता बसलात तर डिग्री हातात यायच्या आधीच हप्ते सुरू होतील आणि एखादा चुकला की सिबिल दोघांचंही खराब. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरून निम्म्या फीची सवलत घेत असाल तर गॅपबद्दलच्या अटीही बघून घ्या, तो फॉर्म मात्र त्यालाच भरू दे, ओटीपी तुमच्या मोबाइलवर येत असला तरी.

नातेवाईकांचं उत्तर एका ओळीचं आहे आणि ती ओळ कोणती हे त्याने ठरवायचं. "एक विषय राहिलाय, मे मध्ये देतोय" इतकं पुरतं, आणि तुम्ही दोघांनी सगळीकडे तेच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही. लपवू नका. तुम्ही नातेवाईकांपासून लपवताय आणि त्याने तुमच्यापासून लपवलं म्हणून रागावताय, हे त्याच्या लक्षात येतंच.

शेवटी तुम्ही धाकटीबद्दल लिहिलंय, "ती तरी नीट करेल असं वाटतं". तिची बारावी आत्ता चालू आहे आणि भिंतीपलीकडून हे सगळं तिला ऐकू जातंय. ते वाक्य तिच्यासमोर बोलला असाल तर आज रात्री तिच्या खोलीत जाऊन मागे घ्या. आणि मग विचारा, पेपर कसे चाललेत, एखादा वाईट गेलाय का. गेला असेल आणि तिने सांगितलं, तर "बरं झालं सांगितलंस" एवढंच म्हणून चहा टाका, बाकीचं सीईटी झाल्यावर बघू.