0.005 पिक्सेलचा फरक आणि डिलीट केलेली शीट

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. बाकी वाचकांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. मुलगा अकरावीत आहे. कुठला ब्राउझर वेब स्टॅन्डर्ड (वेबची पानं कशी चालावीत याचे ठरवलेले नियम) किती नीट पाळतो यावर रात्री दीड-दोनपर्यंत मित्रांशी वाद घालतो, ब्राउझरमधले फरक एका शीटमध्ये लिहून ठेवतो, गणितात 58 आलेत. तुम्ही स्वतः 22 वर्षं अकाउंट्समध्ये आहात, ताळेबंद जुळल्याशिवाय खुर्चीवरून उठत नाही, आणि तुमचं म्हणणं असं की नियम जर लिहून ठेवलेले आहेत तर त्यावर वाद कसला घालायचा, त्याला समजवा की यात काही नाही आणि इंजिनिअरिंगच्या तयारीला लागू दे.

आणि मधेच एक ओळ आहे. "मागच्या रविवारी लॅपटॉप काढून घेतला आणि ती 140 ओळींची शीट डिलीट केली." एवढं लिहून तुम्ही लगेच गणिताच्या मार्कांवर गेलात. मला मात्र त्या ओळीवरून पुढे जाता येईना.

लॅपटॉप काढून घेणं मी समजू शकते, दोन वाजेपर्यंत जागणाऱ्या मुलाच्या बाबतीत आईवडील काहीतरी करणारच आणि करायलाही हवं. पण शीट डिलीट करणं ही वेगळी गोष्ट आहे हो. लॅपटॉप परत देता येतो, पण त्याने महिनोन्‌महिने बसून जमवलेलं काम त्याच्यासमोर पुसून टाकलं की मुलाला एकच कळतं की घरात माझ्या कामाला किंमत नाही. तुमची वर्षभराची लेजर कुणी अशी न वाचताच पुसली असती तर? तुम्ही 22 वर्षं या कामात आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळेल. त्या दिवसापासून तो जेवायला तुमच्यासोबत बसत नाही असं तुम्हीच शेवटी लिहिलंय, आणि त्याचं कारण तुम्ही "वय" असं दिलंय. मला नाही वाटत ते वय आहे.

आता तो फोटो. मुलगा वेळ कसा वाया घालवतो याचा पुरावा म्हणून शीटचा जो फोटो जोडलात तो मी झूम करून नीट वाचला. 37 नंबरच्या ओळीत त्याने वेबपानावर 1000 पिक्सेल रुंद डबा घेऊन त्याचे तीन सारखे भाग केलेत आणि एका भागाची रुंदी तिन्ही ब्राउझरमध्ये मोजलीये. फायरफॉक्समध्ये 333.333, क्रोम आणि सफारीत 333.328. फरक 0.005 पिक्सेल, डोळ्याला दिसणंच शक्य नाही. त्याने तो शोधला, लिहिला, आणि पुढच्या रकान्यात "का?" असं लिहून ठेवलं. ज्या माणसाचा ताळेबंद थोडक्यासाठी जुळला नाही तर तो उठत नाही, त्याच्याच घरात हे पोरगं वाढलंय, आणि तुम्हाला ते दिसलं नाही याचं मला मनापासून वाईट वाटलं.

त्याच्या "का?"चं उत्तर त्याला नक्की सांगा. क्रोमचं ब्लिंक आणि सफारीचं वेबकिट ही इंजिनं (म्हणजे पान पडद्यावर मांडणारा ब्राउझरचा आतला भाग) मांडणी करताना एका पिक्सेलचे 64 भाग धरतात, फायरफॉक्सचं गेको 60 भाग धरतं. 1000 चा तिसरा हिस्सा 60 च्या हिशोबात नेमके 20,000 भाग येतो, काही उरत नाही. 64 च्या हिशोबात 21,333 भाग होतात आणि वर थोडं उरतं, ते सोडून दिलं की 333.328. म्हणजे बघा, हा राउंडिंगचा प्रश्न आहे, तुमच्याच धंद्यातला.

पण त्याच ओळीत शेवटी त्याने "फायरफॉक्स बरोबर, क्रोम चूक" असं लिहिलंय आणि तिथे तो चुकलाय. किती दशांशापर्यंत मोजायचं हे सीएसएसच्या (पान कसं दिसावं हे सांगणाऱ्या भाषेच्या) स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे लेखी नियमांत, बांधून दिलेलंच नाही, ते ब्राउझरवर सोडलंय. त्यामुळे इथे कुणीच चूक नाही.

आणि इथेच तुमचा पण एक गैरसमज आहे, तुम्हा दोघांचा तोच आहे खरं तर. तुम्हाला वाटतं स्टॅन्डर्ड म्हणजे वरून आलेला कायदा, एकाने लिहिला, बाकीच्यांनी पाळला किंवा मोडला, विषय संपला. तसं नसतं. 1996 च्या डिसेंबरमध्ये सीएसएसची पहिली आवृत्ती आली, त्यात डब्याची रुंदी म्हणजे फक्त आतल्या मजकुराची रुंदी. 300 रुंदी दिली, दोन्ही बाजूंना 20 पॅडिंग (आतली मोकळी जागा) आणि 5 बॉर्डर (कड) दिली की डबा एकूण 350 चा व्हायला हवा. विंडोजवरचा इंटरनेट एक्सप्लोरर 5 मात्र सगळं मिळून 300 धरायचा. डेव्हलपर लोक वैतागले, त्याला बग म्हटलं, एकाच पानाची दोन दोन गणितं लिहिली, वर्षानुवर्षं भांडणं झाली, पुढे 2001 ला इंटरनेट एक्सप्लोरर 6 ने स्टॅन्डर्डचा हिशोब घेतला. आणि मग? लोकांच्या लक्षात आलं की तो "चुकीचा" हिशोबच वापरायला सोपा आहे, आणि तोच पुढे बॉर्डर-बॉक्स या नावाने सीएसएसमध्ये अधिकृत पर्याय म्हणून आला, आज कितीतरी डेव्हलपर नवीन साइटच्या पहिल्या ओळींतच तो लावून टाकतात. दुसरं उदाहरण 2018 चं. जावास्क्रिप्ट या वेबच्या प्रोग्रामिंग भाषेत 'फ्लॅटन' नावाचं नवीन फंक्शन येणार होतं, फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ते चालू केलं तर एक जुनी साइट मोडली, कारण मूटूल्स नावाच्या जुन्या लायब्ररीने (तयार कोडच्या संचाने) तेच नाव आधीच वापरलेलं होतं. मग ब्राउझरवाल्यांनी जुनी साइट मोडू दिली का? नाही, नव्या फंक्शनचं नाव बदलून 'फ्लॅट' केलं. म्हणजे स्टॅन्डर्ड, ब्राउझर आणि आधीच लिहून झालेली पानं हे तिघं एकमेकांना ओढत असतात, आणि कुठे कोणी माघार घ्यायची हे ठरवण्यासाठी वाद लागतोच, तो रिकामटेकडेपणा नाही, ते या क्षेत्रातलं रोजचं काम आहे आणि लोक त्याचा पगार घेतात.

पगार कोण देतं ते पण सांगते, आणि खोटी आशा लावणार नाही. मोठी इंजिनं आज तीनच उरलीत. ऑपेराने 2013 मध्ये स्वतःचं इंजिन सोडलं, मायक्रोसॉफ्टने 2018 मध्ये तसं जाहीर केलं, दोघंही क्रोम ज्यावर उभा आहे त्या क्रोमियमवर गेले. त्यामुळे "मी ब्राउझरच बनवणार" एवढंच धरून बसला तर दारं कमी आहेत, आणि जी आहेत तिथे सी प्लस प्लस किंवा रस्ट या प्रोग्रामिंग भाषा पक्क्या लागतात. पण आजूबाजूला बरंच आहे: टेस्टिंग, ॲक्सेसिबिलिटी (अपंगांनाही साइट वापरता यावी हे बघणं), डेव्हलपरसाठी डॉक्युमेंटेशन लिहिणं, इगालियासारख्या कंपन्या ज्या दुसऱ्यांच्या इंजिनमध्ये फीचर घालून देतात. 2022 पासून ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला दरवर्षी इंटरॉप नावाने एकत्र येऊन ठरवतात की यंदा कुठले फरक मिटवायचे, आणि हे मोजायला ज्या चाचण्या लागतात त्या वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्स या खुल्या संग्रहात असतात. तिथे कोणीही नवीन चाचणी पाठवू शकतं, वय किंवा डिग्री कोणी विचारत नाही.

इंजिनिअरिंगची एन्ट्रन्स द्यायची तर द्यावी, नाहीतर कॉम्प्युटर सायन्सची डिग्री पण चालते, हे रस्ते तुम्हाला माहीत आहेत. गणिताच्या 58 चं मात्र बघावं लागेल. पण ज्या मुलाला 64 आणि 60 च्या भागाकारातून आलेला फरक सापडतो त्याला गणित येत नाही असं नसतं, तो धडे सोडवत नाही एवढंच. रात्री अकराला लॅपटॉप बंद, हा नियम ठेवा, त्यात माझा तुम्हाला पूर्ण पाठिंबा आहे.

आता मुलासाठी, हे त्यालाच वाचायला द्या. बाळा, शीटच्या खाली तू तिन्ही ब्राउझरना मार्क देऊन नंबर लावलेस ना, ते सोडून दे. 2008 मध्ये ॲसिड3 नावाची 100 मार्कांची चाचणी आली होती, सगळे ब्राउझर त्या 100 च्या मागे लागले होते. नंतर स्टॅन्डर्डच बदललं, 2011 मध्ये त्यातले काही भाग काढावे लागले, आणि आजचे अद्ययावत ब्राउझर त्या चाचणीत पूर्ण 100 मिळवत नाहीत. ते बिघडलेत म्हणून नाही, प्रश्नपत्रिका जुनी झाली म्हणून. मित्राशी वाद जिंकून काहीच बदलत नाही. त्याऐवजी एक ओळ निवड, तो फरक दाखवणारं लहानात लहान पान लिही, स्पेसिफिकेशनमधलं नेमकं वाक्य शोध, त्यात 'मस्ट' आहे की 'शुड' आहे की 'मे' आहे ते बघ, कारण या शब्दांचे अर्थ 1997 पासून ठरवून दिलेले आहेत आणि तुझे अर्धे वाद तिथेच मिटतील. 'मस्ट' असेल आणि ब्राउझर तसं करत नसेल, तर ब्राउझरच्या टीमकडे बग रिपोर्ट पाठव. 140 ओळींपेक्षा असे तीन रिपोर्ट जास्त मोलाचे आहेत.

आणि बाबा, त्याला समजवायचं काम मी घेत नाहीये. तुमचं त्याच्याशी आधी दुसरं बोलणं व्हायला हवं. फोटोत वरच्या कोपऱ्यात दिसतंय की ती गूगल शीट आहे. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल 30 दिवस राहते, रविवारी डिलीट केलीत म्हणजे तुमच्या हातात अजून वेळ आहे. लॅपटॉप त्याच्याकडे द्या, ट्रॅश उघडून शीट परत काढा, हे त्याच्या शेजारी बसून करा, आणि मग 37 नंबरची ओळ त्याला समजावून सांगायला लावा.