पोचपावतीतले वचन

प्रिय ताई,

मेलबर्नहून आलेल्या पत्रात आपण लिहिता की, यवतमाळ जिल्ह्यातील सासरचे वावर कोरडवाहू आहे, पावसाने ओढ दिल्यामुळे यंदा कपाशीची दुबार पेरणी करावी लागली, आणि तरीही आपण पैशांचा विषय काढताच मामाजी, म्हणजे आपले सासरे, 'देव पुरवील' एवढेच म्हणून फोन सासूबाईंच्या हाती देतात. आग्रह धरावा तर त्यांच्या विश्वासाचा अवमान होईल आणि गप्प राहावे तर मन खाते, ही आपली अडचण मला समजते.

मामाजींच्या तोंडी असलेले वचन बहुधा बायबलमधील फिलिप्पैकरांस पत्रातील चौथ्या अध्यायाचे 19वे आहे. ते उपासनेत इतक्या वेळा एकटे वाचले जाते की त्याच्या आधीच्या ओळीकडे आपले लक्षच जात नाही. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल तेव्हा कैदेत होता. दूर मासेदोनियातील फिलिप्पै येथील मंडळीने त्याच्यासाठी मदत पाठवली, आणि ती पोहोचवणारा एपफ्रदीत आजारी पडून मरणाच्या दारातून परत आला. 18व्या वचनात पौल ती मदत मिळाल्याचे कळवतो आणि लगेच पुढे लिहितो की, माझा देव तुमची सर्व गरज पुरवील. म्हणजे ज्या वचनाच्या आधारे मामाजी मदत नाकारतात, ते मुळात मदतीच्या पोचपावतीत लिहिलेले आहे! आहे त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे, असे त्याच अध्यायात सांगणाऱ्या पौलाने ती मदत परत मात्र धाडली नाही.

अर्थात, मामाजींचा संकोच निव्वळ वचनाचा नसावा. सुनेपुढे हात पसरल्यासारखे वाटणे त्यात असणारच. येथे बायबलमधील रूथचे पुस्तक उपयोगी पडेल; रूथ ही परक्या शेतात कणसे वेचायला गेलेली गरीब विधवा. कापणीनंतर शेतात उरलेला सरवा गरिबांसाठी सोडावा, अशी आज्ञा लेवीय या बायबलमधील नियमांच्या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात आहे, आणि सरवा म्हणजे काय हे विदर्भातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. त्या शेताचा मालक बवाज याने मात्र आज्ञेच्या पुढे जाऊन गड्यांना सांगितले की, पेंढ्यांतून काही कणसे मुद्दाम पडू द्या आणि तिला धमकावू नका. रूथला ती कणसे मागावी लागली नाहीत. तिने दिवसभर वेचले आणि सुमारे एक एफा (तेव्हाचे धान्याचे माप) जव घरी नेले. आपणही 'मदत' हा शब्द टाळून बियाणे, खत, निंदणाची मजुरी असा नेमका खर्च विचारावा, आणि रक्कम नाताळपर्यंत न थांबवता दरवर्षी मृग लागण्यापूर्वी पोहोचेल असे पाहावे.

एक गोष्ट मात्र करू नये. विश्वास असला की पीक येतेच, असे मुलांना शिकवू नये. बायबलमधील संदेष्टा हबक्कूक याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात अंजीर फुलत नाही, शेते अन्न देत नाहीत, गोठ्यात गुरे नाहीत, आणि तरीही संदेष्टा परमेश्वराच्या ठायी आनंद करतो. तेथे पिकाची हमी कोठेच दिलेली नाही. हे मामाजींना आपल्याहून अधिक ठाऊक असेल.

पुढच्या रविवारी फोन लागला की त्यांना 18वे आणि 19वे वचन एकत्र वाचायला सांगावे, किंवा नातवालाच वाचू द्यावे; त्याचे मराठी 'एपफ्रदीत'वर अडखळले तर ते नाव मामाजीच दुरुस्त करतील.