स्टंट शिकायचेत? मग आधी जुनी दीडशे घे

प्रश्न: दादा, मी २१ वर्षांचा, राहायला कांजूरमार्गला. दोन वर्षं कुरिअरचं काम करून १ लाख १० हजार साठवलेत. ते भरून बाकीचं कर्ज काढायचं, केटीएमची ३९० ड्यूक ही मोठी मोटरसायकल घ्यायची आणि स्टंट शिकायचे असं ठरवलंय. मित्र म्हणतो, आधी जुनी दीडशे सीसीची घे. पण छोट्या गाडीवर शिकलेलं मोठीवर पुन्हा शिकावं लागलं तर वेळ फुकट नाही का जाणार?

उत्तर: मित्राचं ऐक. कर्ज काढू नकोस.

२००८ साली मी तुझ्याच वयाचा होतो. ओळखीच्या एकाकडून पल्सर २२० मागून आणली आणि भांडुपला खाडीकडच्या रिकाम्या प्लॉटवर पहिली व्हीली मारायला गेलो. पुढचं चाक उचललं, एवढं आठवतं. नंतर काय झालं ते समजायला मला बरेच महिने लागले. गाडी वर गेली की आपण सीटवर मागे घसरतो, दोन्ही हात हँडलला लटकतात आणि लटकलेलं उजवं मनगट आपोआप आणखी रेस देतं. घाबरल्यावर जे करायचं नसतं, नेमकं तेच शरीर करून बसतं. मी पाठीवर, गाडी माझ्या मागे. डावं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. त्या गाडीच्या दुरुस्तीचे पैसे वर्षभर फेडत होतो. मग २२ हजारांत जुनी पल्सर १५० घेतली आणि खरं शिकणं तिच्यावर झालं.

आता तुझ्या दोन गाड्या शेजारी उभ्या करून बघ. वजनात वीसेक किलोंचा फरक. ताकदीत मात्र ३९० चाळीस हॉर्सपॉवरच्या वर आणि जुनी पल्सर १५० चौदाच्या आसपास. ३९० पहिल्या गिअरमध्ये नुसती रेस दिली तरी चाक उचलू शकते, तुला हवं असो वा नसो. दीडशे अशी सहजासहजी उचलत नाही. क्लच दाबायचा, रेस चढवायची आणि बोटं नेमक्या जागी सोडायची, तेव्हा कुठे चाक वर येतं. चुकलं तर गाडी नुसती धक्का खाते किंवा बंद पडते, आणि त्यातून कळतं काय चुकलं ते. बोटांना आलेली ही समज पुढे कुठल्याही गाडीवर कामाला येते. मी नंतर मोठ्या गाडीवर बसलो तेव्हा चार रविवारांत हात बसला. दीडशेवरचं दीड वर्ष त्यात सगळं वसूल झालं.

क्लचहून मोठी गोष्ट म्हणजे मागचा ब्रेक. चाक प्रमाणाबाहेर वर गेलं की मागचा ब्रेक दाबायचा, पुढचं लगेच खाली येतं. डोक्याला हे पाच मिनिटांत पटतं, उजव्या पायाला पटायला महिने लागतात. म्हणून पहिला महिनाभर चाक वीतभरच उचल आणि दर वेळी ब्रेक दाबूनच खाली आण. रेस सोडून खाली आणायची सवय लागली तर ज्या दिवशी गाडी खरोखर पाठीवर यायला निघेल, त्या दिवशी पाय हलणार नाही. पाय ब्रेकवर नसेल तर चाक उचलायचंच नाही, हा नियम माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पोराला मी लावतो.

त्याच्याही आधी दोन आठवडे चाक जमिनीवरच ठेव. जमेल तेवढा लहान आठचा आकडा काढ, चालण्याच्या वेगात, पाय न टेकवता. कंटाळवाणं वाटेल, तरी कर. स्टंटमधला जगज्जेता जर्मन रायडर क्रिस्टियान फायफर मूळचा ट्रायल्सवाला, म्हणजे दगडांवरून पाय न टेकवता गाडी नेणाऱ्यांतला. आणि २६ जानेवारीच्या संचलनात बुलेटवर उभे राहणारे जवान आठव. गाडी किती संथ आणि सरळ चाललेली असते!

गाडी बघताना एप्रिल २०१९ च्या आधीची बघ. त्यानंतर १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं. रस्त्यावर ते हवंच, पण पुढे स्टॉपी, म्हणजे पुढचा ब्रेक दाबून मागचं चाक उचलणं, शिकताना आडवं येतं. मागे डिस्क ब्रेक असलेली मिळाली तर उत्तम. ४० हजारांच्या वर जाऊ नकोस. मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) तीन-चार दात मोठं टाक, चाक उचलायला सोपं जातं. इंजिन ऑइल दर वेळी तपास आणि वरच्या खुणेपर्यंत ठेव, कारण गाडी मागच्या चाकावर उभी राहिली की ऑइल मागे जमतं आणि पंपाला कमी पडू शकतं. क्लच प्लेटा लवकर जळतील आणि फोर्कचे (पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचे) ऑइल सील गळतील, तो खर्च धरूनच चाल. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुना माल मिळतो, पण ब्रेकचं सामान नवंच घे.

उरलेल्या पैशांत आधी आयएसआयचं पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट, मग गुडघे, कोपर, पाठ यांचे गार्ड, हातमोजे, घोटा झाकणारे बूट. एक जोरात आपटलं की ते हेल्मेट बाद, वरून कितीही चांगलं दिसलं तरी.

मुंबईत गाडीपेक्षा जागा अवघड. रेक्लमेशन, मरीन ड्राइव्ह, आरे, पाम बीच रोड यांचं नावही काढू नकोस. तिथे तुझ्या चुकीची किंमत कुणीतरी तिसराच मोजतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ आहेच: पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १ हजार ते ५ हजार दंड, किंवा दोन्ही. आम्ही भिवंडीकडच्या एका गोदामाचं आवार मालकाच्या लेखी परवानगीने रविवारी वापरतो. चौघांत भाडं वाटून घेतो, गाड्या छोट्या हत्तीतून नेतो. गेल्यावर पहिला अर्धा तास खराट्याने खडी झाडायची आणि ट्रकचं सांडलेलं तेल शोधायचं. एक जण न चालवता नुसता उभा, हातात फोन. एकट्याने कधीच जायचं नाही.

प्रश्न: भाऊ, माझा मुलगा १६ वर्षांचा आहे. स्टंटचं वेड लागलंय, वडिलांची बाइक मागतो. नाही म्हटलं तर चोरून नेईल अशी भीती वाटते. काय करू? (मुलुंडची एक आई)

उत्तर: ताई, बाइक देऊ नका आणि किल्ली घरात उघड्यावर ठेवू नका. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे. मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही, हे त्याला स्वतः वाचायला द्या. वेड मात्र मारू नका. त्याला सायकल द्या, जुनी चालेल. सायकलची व्हीलीही मागच्या ब्रेकवरच सावरते आणि गाडी मागे पडायला लागते तो क्षण सायकलवरही तसाच जाणवतो. माझ्याकडे येणाऱ्यांत सायकलवर शिकलेली पोरं पहिल्या दिवसापासून ओळखू येतात, सायकलचा ब्रेक हाताचा असला तरी चाक वर गेलं की मागचा ब्रेक धरायचं त्यांच्या डोक्यात आधीच पक्कं असतं. सोसायटीत सकाळी मोकळी जागा असेल तिथे, हेल्मेट आणि गुडघ्याचे गार्ड घालून. त्याआधी सायकलवाल्याकडून मागच्या ब्रेकचे रबर नवे टाकून घ्या.