गंधार उतरव

प्रिय मित्रा,

तुझं रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. स्वतःचाच गळा चारदा एकावर एक चढवलास, ऑटोट्यूनने, त्या सूर आपोआप नीट करणाऱ्या सॉफ्टवेअरने, सगळे सूर सरळ केलेस, आणि आता विचारतोस की मूनग्लोज या अमेरिकन गायकगटाच्या १९५४ च्या ‘सिन्सिअरली’ या गाण्यातला मऊपणा का येत नाही. अरे, तो तूच पुसलास!

गंधार उतरव. ऑटोट्यून नेहमीच्या सेटिंगवर तुझा ग पेटीच्या ग वर नेऊन ठेवतं. गळ्यांच्या मेळात तो त्याहून साधारण १४ सेंट खाली लागतो (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). तंबोऱ्याच्या खर्जात आपोआप ऐकू येतो ना, तोच. तिथे बसला की स्वरांमधली थरथर थांबते.

डू-वॉप म्हणजे हेच १९५० च्या दशकातलं अमेरिकन गळ्यांच्या मेळाचं गाणं; त्याची चार कॉर्डची नेहमीची चौकडी घे. सगळ्यात खालचा गळा, बेस: सा, ध, म, प. वरचे तिघे, खालून वर बॅरिटोन, दुसरा टेनर, पहिला टेनर: प-सा-ग, ध-सा-ग, ध-सा-म, नि-रे-म. पहिल्या बदलात वर फक्त बॅरिटोन हलतो, तोही एकच पायरी. आणि घोळ नेमका तिथेच होतो. पहिल्या टेनरने ग उतरवलेला असतो आणि बेस, बॅरिटोन ध मात्र पेटीचाच लावतात. मग ध-ग ची जोडी कुरकुरते. ध सुद्धा सुमारे १६ सेंट उतरायला हवा. फेरा संपून नि वरून प वर परतताना बॅरिटोन चाचपडतोच. तेवढा तुकडा वेगळा काढून वीसदा घोटा.

आता ‘ऊ’. मूनग्लोज तो नुसता गात नाहीत, माइकमध्ये फुंकतात; त्याला ब्लो हार्मनी म्हणतात. ओठ गोल, सुरुवात ‘ह’ने, आधी हवा, मग सूर. आवाज चढवलास की हवा बुडते आणि ‘ऊ’ भोंग्यासारखा वाजतो.

हेडफोन काढ, मित्रा. माइक एकच ठेव: बेसवाला सगळ्यात जवळ, पहिला टेनर पाऊलभर मागे. समतोल पायांनी साधायचा. शेजाऱ्याचा सूर कानावर आला तरच ग उतरतो, मी तेच तेच सांगतोय ते यासाठी. लोक याला हट्ट म्हणतात. म्हणोत. लीडच्या, म्हणजे मुख्य गायकाच्या, गळ्यावर भाळण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि गोडवा सगळा मागच्या चौघांत होता!

रिव्हर्बच्या, म्हणजे आवाजाला घुमारा देणाऱ्या, प्लगइनवर पैसे घालवू नकोस. न्यू यॉर्कची पोरं जिन्यात आणि भुयारी रेल्वेच्या स्टेशनात गायची, ती काय हौसेनं? टणक भिंती आवाज परत देतात, चूक लगेच कानावर येते. फाइव्ह सॅटिन्स या डू-वॉप गटाने ‘इन द स्टिल ऑफ द नाइट’ १९५६ साली न्यू हेवनमधल्या एका चर्चच्या तळघरात रेकॉर्ड केलं. घासूनपुसून लख्ख केलेलं नाही ते, आणि तरी बघ.

रविवारी तिघांना घेऊन तुमच्या इमारतीच्या जिन्यात उभा राहा. पेटीवर फक्त सा घे आणि भाता मिटून टाक. आधी बेस, मग प, मग वरचा सा. ग सगळ्यात शेवटी, आणि हळू.