गाय लुळी पडते, माणूस आखडतो

पशुवैद्याला विचारा : मज्जासंस्थेविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन जातीची) गाय व्यायली आणि दुसऱ्या दिवशी बसली ती उठेचना. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम लावलं, अर्ध्या तासात गाय उभी. पण आईचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं तेव्हा कॅल्शियम कमी होऊन तिचे हात आखडले होते. कमतरता एकच, मग गाय लुळी आणि माणूस ताठ, हे कसं? (पशुपालक, सांगोला)

उत्तर : तोंडी परीक्षेत विचारावा असा प्रश्न आहे. मज्जातंतूंच्या बाबतीत कॅल्शियम दोन ठिकाणी राबतं. तंतूतून संदेश धावतो तो सोडियम आत शिरल्यामुळे. बाहेर कॅल्शियम पुरेसं असलं की सोडियमची दारं उगाच उघडत नाहीत. ते घटलं की तंतू कारण नसताना संदेश सोडू लागतात आणि स्नायू आखडतात. आईंच्या हातांचं हेच झालं. बोटं जुळलेली, अंगठा तळव्यात वळलेला. अडलेलं वासरू काढायला आम्ही हात आत घालतो, अगदी तसा आकार.

दुसरी जागा म्हणजे तंतू स्नायूला भिडतो ते टोक. तिथे कॅल्शियम आत शिरल्याशिवाय ॲसिटिलकोलीन हे निरोप पोचवणारं रसायन बाहेर पडत नाही आणि ते पडल्याशिवाय स्नायूला हुकूम पोचत नाही. माणसात पहिला बिघाड आधी आणि जोरात दिसतो. गायीतही सुरुवातीला थोडी थरथर असते, चाल अडखळते, पण मालकाचं लक्ष जाईपर्यंत दुसरा बिघाड वरचढ झालेला असतो. मान पोटाकडे वळवून बसलेली, कान गार, नाकपुडी कोरडी, शेण बंद. कुत्री याबाबतीत माणसाच्या पंगतीतली : पिल्लांना पाजताना कॅल्शियम घसरलं की ती ताठ होते, धापा टाकते, अंग तापतं.

दहा लिटर चिकात साधारण 23 ग्रॅम कॅल्शियम जातं आणि गायीच्या रक्तद्रवात एका वेळी असतं जेमतेम 3 ग्रॅम. हाडांतून भरपाई व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात गाय बसते. बाटली लावली की आधी अंगावर काटा आल्यासारखी थरथर, मग ढेकर, मग शेण, मग उठायची धडपड. मात्र ही बाटली स्वतः लावायच्या फंदात पडू नका. हृदयालाही कॅल्शियम कळतं. भरभर गेलं तर ठोके चुकतात आणि गाय जागेवर जाते. आम्ही एका हाताने स्टेथोस्कोप धरून बसतो ते उगाच नाही.

आणखी एक. डॉक्टर येईपर्यंत दर दोन-तीन तासांनी गायीची कूस बदला. एकाच अंगावर पडून राहिली तर मांडीचे स्नायू आणि मज्जातंतू चेंगरतात. मग कॅल्शियम जागेवर आलं तरी पाय साथ देत नाहीत.

प्रश्न : मुलाला घोट्याला भटका कुत्रा चावला. शेजारी म्हणतात, पाय मेंदूपासून लांब आहे, दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवा, मेला तरच इंजेक्शन घ्या. (वाचक, मालेगाव)

उत्तर : अजिबात थांबू नका. हे वाचून होताच दवाखाना गाठा.

शेजाऱ्यांच्या बोलण्यात खरा भाग एवढाच की रेबीजचा विषाणू रक्तातून न जाता मज्जातंतूंच्या आतून, दिवसाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर अशा चालीने मज्जारज्जूकडे आणि तिथून मेंदूकडे सरकतो. म्हणून तर चावल्यानंतर दिलेली लस उपयोगी पडते. 1885 साली पाश्चरने नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला चाव्यानंतर लस टोचली, तीही याच उसंतीच्या भरवशावर. पण लसीमुळे प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि विषाणू एकदा तंतूत शिरला की रक्तातल्या प्रतिपिंडांच्या हाती फारसा लागत नाही. म्हणजे ही शर्यत आहे आणि दहा दिवस तुम्ही फुकट घालवणार. चावा चेहऱ्याला किंवा बोटांना असेल तर उसंत आणखी कमी.

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून, लोक दोन मिनिटांत आटोपतात. हळद, चुना, मिरची, तंबाखू काही भरू नका. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (म्हणजे तयार प्रतिपिंडं) लागतं, ते विचारून घ्या. कुत्रा दहा दिवस ठणठणीत राहिला तर पुढच्या डोसांचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. पहिला डोस मात्र आजच.

गोठेवाल्यांसाठी जाता जाता : गाय लाळ गाळतेय, घोगरं हंबरतेय, पाणी गिळत नाही, म्हणजे घशात काही अडकलं असं समजून तोंडात हात घालू नका. रेबीजने गिळण्याचे तंतू लुळे पडले की असंच दिसतं, आणि त्या लाळेत विषाणू असतो.

प्रश्न : सिझेरियनच्या वेळी पाठीत सुई दिली, तेव्हापासून कंबर दुखते. मज्जारज्जूला इजा झाली असेल का? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : तुमचे डॉक्टर मी नाही, पण शरीररचना सांगतो. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याखाली, सहसा तिसऱ्या-चौथ्या मणक्यांच्या मध्ये देतात. तिथे द्रवात सुटे तंतू तरंगत असतात, ते सुईपासून बाजूला सरकतात. बाळाचं वजन वाहिलेली कंबर, सैल झालेलं पोट आणि वाकून पाजणं यांत कारण सापडण्याची शक्यता कितीतरी जास्त. पायात बधिरपणा असेल किंवा लघवीवर ताबा नसेल तर मात्र लगेच दाखवा.

गायीचा मज्जारज्जू याहून मागे, माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीपर्यंत जातो. म्हणून आम्ही सुई शेपटीच्या बुडाशी देतो. शेपूट हापशासारखी वरखाली हलवायची, बोटाला खाच लागते तिथे. थोडक्या औषधात कळा थांबतात आणि गाय उभीच राहते.

प्रश्न : मान कापल्यावर कोंबडी पळते. तेव्हा तिला वेदना होत असतात का? (विद्यार्थिनी, नववी)

उत्तर : त्या धावण्याचा वेदनेशी संबंध नाही. पायांची आणि पंखांची लय मज्जारज्जूच चालवतो. मेंदू तिला आवर घालतो आणि दिशा देतो. मेंदू तुटला की लय बेलगाम सुटते. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या फ्रुटा गावी 1945 मध्ये एक कोंबडा मान कापल्यावर अठरा महिने जगला, कारण घाव वर बसल्याने मेंदूचा खालचा भाग आणि एक कान शाबूत राहिला होता. मालक त्याला ड्रॉपरने थेट अन्ननलिकेत भरवत असे.

प्रश्न : कुत्र्याचं गोचिडाचं औषध मांजराला थोडंसं लावलं तर चालेल? (वाचक, पुणे)

उत्तर : नाही. त्यात पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर थोडंसुद्धा नाही. ते सोडियमची दारं उघडीच ठेवतं. गोचीड मरते ती त्यानेच. कुत्र्याचं यकृत ते पचवून टाकतं, मांजराच्या यकृताला ते जमत नाही. आधीच लावलं असेल आणि कान फडफडताहेत, अंग थरथरतंय, तर कोमट पाणी आणि भांड्यांचा लिक्विड साबण घेऊन धुवा आणि औषधाचं पाकीट बरोबर घेऊन दवाखान्यात जा.